वृद्धाश्रमात प्रवेश घेण्याआधी लसींची वही मागा

माझ्या आत्याला मूलबाळ नाही. तिचे यजमान गेल्यावर ती काही वर्षं भूमला आमच्याकडे राहिली. पुढे खुब्याचं हाड मोडलं, उठवायला-बसवायला दोन माणसं लागू लागली, तेव्हा तिनंच शेजारच्या जिल्ह्यातल्या एका वृद्धाश्रमात जायचं ठरवलं. प्रवेशाच्या वेळी आधार कार्ड, फोटो, डॉक्टरांचा दाखला, अनामत रक्कम असं सगळं मागितलं गेलं. अडीअडचणीला फोन कोणाला करायचा आणि शेवटचं कार्य कोण करणार, हेही लिहून घेतलं. लसीचा रकाना त्या अर्जात नव्हता.

ऐन श्रावणात तिच्या दालनात काम करणाऱ्या एका मावशींना ताप आला. अंगात कणकण, नाक वाहतंय, तरी त्या आल्या. आत्याला त्याच पुसायच्या, त्याच भरवायच्या. आठवड्याच्या आत अख्खं दालन खोकू लागलं. तपासणीत इन्फ्लुएंझा निघाला. आत्याला न्यूमोनिया झाला, बार्शीच्या दवाखान्यात ऑक्सिजन लावावा लागला. जिवावरचं शेपटावर निभावलं, पण वॉकर धरून अंगणापर्यंत जाणारी ती बाई त्यानंतर अंथरुणावरून उठली नाही.

नंतर त्या मावशी मला भेटल्या. डोळ्यांत पाणी आणून म्हणाल्या, "ताई, खाडा झाला की पगार कापत्यात. घरी दोन लेकरं हैत. काय करू?" त्यांना दोष द्यायला माझी जीभ रेटली नाही. फ्लूची लस असते हेच त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.

तेव्हापासून ओळखीतलं कोणी आई-वडिलांना आश्रमात ठेवायचं म्हणालं की मी एकच गोष्ट आधी सांगते: म्हाताऱ्यांच्या लसी विचाराच, पण त्यांना हात लावणाऱ्यांच्या लसी त्याआधी विचारा. खाटेवरचा माणूस आजार आणायला कुठे बाहेर जात नाही. आजार त्याच्यापर्यंत चालत येतो, कामाच्या माणसांबरोबर आणि आपल्यासारख्या भेटायला येणाऱ्यांबरोबर. शिवाय उतारवयात लस घेतली तरी शरीर तरुणांइतकी प्रतिकारशक्ती तयार करत नाही, म्हणून भोवतालच्या माणसांचं लसीकरण हा त्यांचा दुसरा कोट असतो. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या कर्कलंडच्या शुश्रूषागृहात 2020 च्या फेब्रुवारीत करोना पसरला. आजारी असताना कामावर आलेले आणि एकाच वेळी दोन-तीन ठिकाणी राबणारे कर्मचारी हे त्याचं एक कारण असल्याचं तपासात आढळलं. आपल्याकडे नोव्हेंबर 2021 मध्ये भिवंडी तालुक्यातल्या सोरगावच्या वृद्धाश्रमात साठाहून अधिक जण बाधित झाले. त्यातल्या बहुतेकांनी दोन्ही डोस घेतले होते. लस घेतली म्हणजे लागण होणारच नाही असं नव्हे. आजार जिवावर बेतण्याची शक्यता ती कमी करते. ग्लासगोतल्या वृद्धांच्या रुग्णालयांत 1990 च्या दशकात कर्मचाऱ्यांना फ्लूची लस दिली, तिथे वृद्धांचे मृत्यू कमी दिसले. हा पुरावा पुरेसा भक्कम नाही, असं पुढच्या काही आढाव्यांनी म्हटलं हेही खरं. पण आमच्या दालनात जे घडलं ते पाहिल्यावर मी तरी वाट पाहणार नाही.

मग सक्तीच का करू नये? इंग्लंडनं करून पाहिली. 11 नोव्हेंबर 2021 पासून करोनाची लस न घेतलेल्यांना काळजीगृहात कामाला बंदी झाली आणि मार्च 2022 मध्ये तो नियम मागे घेतला गेला. आपल्या सर्वोच्च न्यायालयानं 2 मे 2022 च्या निकालात, कोणालाही लस घ्यायला भाग पाडता येणार नाही, असं स्पष्ट केलं. मला तो निकाल पटतो. महिन्याला तुटपुंज्या पगारावर राबणाऱ्या बाईला नोकरीची भीती दाखवून दंड पुढे करायला लावणं बरं नाही. लस संस्थेच्या खर्चानं, कामाच्या वेळेत, आश्रमातच द्यावी, दुसऱ्या दिवशी अंग दुखलं तर भरपगारी सुट्टी द्यावी आणि तापात कामावर येणाऱ्याला परत पाठवताना खाडा धरू नये. एवढं केलं तर नाही म्हणणारे फार थोडे उरतात. त्यांना मास्क देऊन कोठीघरात किंवा बागेत काम देता येतं.

भूमला खवा घेणारा व्यापारी बोटावर घेऊन, वास घेऊन, चव पाहून मगच भाव बोलतो. आई-वडिलांना सोपवताना मात्र आपण फक्त खोली पाहतो. लसींची नोंदवही पाहायला मागा. तिच्यात राहणाऱ्यांची नावं एका बाजूला आणि कर्मचाऱ्यांची दुसऱ्या बाजूला असायला हवीत. रहिवाशांसाठी दर वर्षी फ्लूची लस, न्यूमोकोकलची लस, वेळेवर धनुर्वाताचा डोस. नागिणीच्या लसीबद्दल डॉक्टरांना विचारावं. कर्मचाऱ्यांसाठी फ्लूबरोबर हिपॅटायटिस बी. तिचे तीन डोस असतात, दुसरा महिन्यानं आणि तिसरा सहाव्या महिन्यात. याचं कारण प्रत्यक्ष पाहा: सकाळी साखर तपासताना एकच टोचणीचं पेन खाटेखाटेवर फिरतंय का? फिरत असेल तर तिथल्या तिथे थांबवा. रक्ताचा न दिसणारा अंशही हिपॅटायटिस बी पसरवतो.

कागदपत्रांची एक अडचण सगळीकडे दिसते. 2021 मध्ये करोनाच्या लसीसाठी म्हाताऱ्यांची नोंदणी मुलाच्या किंवा पुतण्याच्या मोबाइलवर झाली. मग नंबर बदलला, ओटीपी जुन्या सिमवर, आणि दाखला कायमचा अडकला. जे दाखले अजून निघतात ते आजच काढून कागदावर छापा आणि आश्रमाच्या फायलीत लावा. ज्यांच्याकडे ओळखपत्रच नाही, त्यांच्यासाठी त्या वर्षी केंद्र सरकारनं संस्थेतल्या एका जबाबदार व्यक्तीच्या मोबाइलवरून नोंदणीची सोय केली होती. म्हणजे कागद नाही म्हणून लस नाही, हे कारण तेव्हाही चालत नव्हतं, आता तर मुळीच नाही.

स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाची संमती कुटुंबानं लेखी देऊन ठेवावी. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, आधी कुठल्या लसीनं त्रास झाला असेल, तर टोचणाऱ्याला आधी सांगावं. बार्शीहून लस आणायची झाली तर दोन ते आठ अंशांत आणा, डबी थेट बर्फाला लावू नका. गोठलेली फ्लूची लस निकामी होते.

खर्चाचा प्रश्न खरा आहे. केंद्राच्या नियमित लसीकरणात म्हाताऱ्यांसाठी फ्लूची लस नाही. पण महाराष्ट्रात 2015 पासून सरकारी दवाखान्यांतून जोखमीच्या गटांना, म्हणजे गरोदर महिला, मधुमेह-रक्तदाबाचे रुग्ण आणि आरोग्य कर्मचारी यांना, ती मोफत देण्याचा कार्यक्रम आहे. आश्रमातले बरेच आजी-आजोबा या ना त्या गटात बसतात. लस अंगात लागू व्हायला साधारण दोन आठवडे जातात, म्हणून पावसाळ्याआधी, मे महिन्यातच, आश्रमाच्या व्यवस्थापकांनी रहिवाशांची आणि मावशींची यादी घेऊन जवळच्या ग्रामीण रुग्णालयाच्या अधीक्षकांना भेटावं. व्यवस्थापक जात नसतील, तर घरच्यांनी यादी करून त्यांच्या हातात द्यावी आणि त्यांच्याबरोबर रुग्णालयापर्यंत जावं.