एका तासाला एकच साधन

अगं, शिक्षण परिषदेहून आलीस की तुझा नुसता आवाज ऐकून मला कळतं. कुणी नवं ॲप दाखवलेलं असतं, कुणी लिंक पाठवलेली असते, केंद्राच्या ग्रुपवर व्हिडिओंवर व्हिडिओ येऊन पडलेले असतात. मग तू दुसऱ्या दिवशीचं टाचण बाजूला ठेवून रात्री उशिरापर्यंत ते एकेक उघडत बसतेस आणि मला म्हणतेस, "ताई, मी मागे पडतेय गं." खरं सांगू का, तू अजिबात मागे पडलेली नाहीस. तुझ्या वर्गातली मुलं कुठे अडतात ते तुला माहीत आहे. तिथून सुरुवात केलीस की त्या ढीगभर लिंकांमधल्या निम्म्या आपोआप गळून पडतील.

म्हणून आधी पाठ हातात घे. त्यात मुलं नेमकी कुठे अडतात ते एका ओळीत लिहून काढ आणि मगच फोन उघड. मसाल्याच्या डब्यात सगळं आहे म्हणून आपण प्रत्येक भाजीत सगळं घालत नाही, तसंच हे. एका तासाला एक साधन पुष्कळ झालं. काही तासांना तर एकही नको. बी कसं रुजतं हे दाखवायला व्हिडिओ कशाला हवा? ओल्या फडक्यात मटकी बांधून वर्गात ठेव, मुलं रोज येऊन सोडून बघतील. पण तारेतून वीज कशी वाहते, ग्रहण का लागतं, हिमनदी कशी सरकते, हे फळ्यावरही दिसत नाही आणि हातातही घेता येत नाही. पडदा तिथे लाव.

विजेचंच घे, कारण तुझा तो पाठ पुढच्या आठवड्यात आहे. बहुतेक मुलांना वाटतं की सेलमधून वीज निघते, दिव्यात थोडी संपते आणि उरलेली परत येते. तू कितीही वेळा सांगितलंस, लिहून दिलंस, तरी परीक्षेपुरतं पाठ होतं आणि मनातलं तसंच राहतं. इथे 'फेट' कामाला येतं. अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठात 2002 साली कार्ल वीमन यांनी हा प्रकल्प सुरू केला. आदल्याच वर्षी त्यांना भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं होतं. विज्ञान-गणिताचे हे हलते-चालते प्रयोग फुकट आहेत आणि त्यांतले बरेच मराठीतही आले आहेत.

पण बघ, तास पडद्यावर सुरू करायचा नाही. आधी खरा दीड व्होल्टचा सेल, टॉर्चचा छोटा दिवा आणि तार मुलांच्या हातात दे. दिवा पेटवायची धडपड होऊ दे, तार उलटसुलट लावू दे, पेटल्यावर आरडाओरडा होऊ दे. त्यानंतर पडद्यावर तोच परिपथ जोड. तारेत निळे इलेक्ट्रॉन सरकताना दिसतात. आता चालू करायच्या आधी थांब आणि विचार, "दिव्याच्या अलीकडे एक ॲमीटर लावला, पलीकडे एक लावला, तर कुठे जास्त आकडा येईल?" प्रत्येकाने वहीत लिहायचंच, तोंडी नाही. तोंडी विचारलंस तर पहिल्या बाकावरची दोन मुलं उत्तर देतात आणि बाकीचे त्यांच्या मागे मान डोलावतात. सगळ्यांचं लिहून झालं की मगच जोडणी पूर्ण कर. दोन्हीकडे आकडा सारखाच येतो. त्यानंतर वर्गात जी शांतता पसरते ना, तिच्यासाठी हे सगळं करायचं. घाईने स्पष्टीकरण देऊ नकोस. "मग दिवा पेटतो कशावर?" हा प्रश्न मुलांकडूनच येऊ दे. त्यातूनच प्रवाह आणि ऊर्जा वेगवेगळी धरायला त्यांना जागा मिळते.

फेटमध्ये सेलची दोन टोकं तारेने थेट जोडली की पडद्यावरच्या बॅटरीला आग लागलेली दिसते. मुलांना ते भयंकर आवडतं आणि ती ते पुन्हापुन्हा करतात. करू दे. मात्र त्याच दमात ठणकावून सांग की खऱ्या सेलवर हे करायचं नाही, तार तापून बोट भाजतं, आणि घरच्या प्लगमध्ये तर 230 व्होल्ट असतात, तिथे तार घेऊन जायचंच नाही. हे सांगितल्याशिवाय तो तास संपवू नकोस.

आणि माऊस कुणाच्या हातात आहे याकडे लक्ष ठेव गं. न सांगता तो पुढे बसणाऱ्या चुणचुणीत मुलाकडे जातो आणि मुली मागून बघत राहतात. मी तर सरळ ठरवून टाकते, आज मागच्या बाकावरच्या मुली चालवणार आणि बाकीचे त्यांना काय करायचं ते सांगणार. हात एकाचा, डोकं वर्गाचं. एकच टीव्ही असला तरी सगळा वर्ग कामाला लागतो, त्यामुळे प्रत्येकाला टॅब नाही याचं वाईट वाटून घेऊ नकोस.

आता रेंजचं. तुझ्या शाळेत ती कधी येते, कधी जाते, त्याचा नेम नाही. तासाला आयत्या वेळी काही उघडायचं ही सवयच लावून घेऊ नकोस. फेटचे नवे प्रयोग एकेका फाईलमध्ये उतरवून घेता येतात आणि इंटरनेट नसताना ब्राउझरमध्ये उघडतात. घरी उतरव, पेन ड्राईव्हवर घे आणि शाळेच्या लॅपटॉपवर आदल्या दिवशी एकदा चालवून बघ. आवाज येतो का, मागच्या बाकावरून अक्षरं वाचता येतात का, खिडकीचं ऊन पडद्यावर येतं का, एवढं बघ. लाईट गेली तर काय करायचं तेही टाचणातच एका ओळीत लिहून ठेव. सेल-दिव्याचं सामान टेबलावर असलं की लाईट गेली तरी तास चालूच राहतो.

पाठ्यपुस्तकातल्या क्यूआर कोडचंही तसंच. त्यासाठीचं 'दीक्षा' ॲप 2017 साली सुरू झालं. पुस्तकातला कोड स्कॅन केला की त्या पाठाचं साहित्य त्यावर मिळतं, आणि बरंचसं आधी उतरवून ठेवता येतं. बालभारतीची पुस्तकंही पीडीएफ स्वरूपात मोफत आहेत. एखाद्या मुलाचं पुस्तक भिजलं, फाटलं, तर त्याचा तेवढा पाठ छापून दे. मात्र दीक्षावरचा व्हिडिओ आहे तसा सुरू करून वह्या तपासायला बसायचं नाही हं. आधी स्वतः पूर्ण बघ, त्यातली आपल्या उपयोगाची दोन-तीन मिनिटं हेरून ठेव आणि तेवढीच दाखव. मध्ये थांबवून प्रश्न विचार.

क्यूआर कोडवरून आठवलं, परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींना 2020 साली ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं, तेव्हा सगळीकडे चर्चा त्या कोडचीच झाली. मला त्यातलं जास्त मोलाचं वाटतं ते वेगळंच. वर्गातल्या मुलांची घरची भाषा कन्नड आहे, पुस्तक त्यांना कळत नाही, ही अडचण त्यांनी आधी पाहिली. त्यासाठी ते भाषा शिकले, मजकूर मुलांच्या भाषेत नेला आणि त्याला कोड जोडले. दहा लाख डॉलरच्या बक्षिसातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ जणांना वाटून दिली, तेही मला फार भावलं. तुझ्याही वर्गात ऊसतोडीहून परत आलेली मुलं आहेत, घरी वेगळी बोली बोलणारी आहेत. त्यांच्यासाठी कविता तुझ्या आवाजात फोनवर ध्वनिमुद्रित करून ठेव. ती पाच मिनिटं कुठल्याही महागड्या ॲपपेक्षा जास्त उपयोगी पडतील, लिहून घे.

गणितासाठी जिओजेब्रा घे. तेही मोफत आहे आणि लॅपटॉपवर घेऊन ठेवलं की इंटरनेट लागत नाही. त्रिकोण काढ, तिन्ही कोनांची मापं दाखव आणि एक शिरोबिंदू धरून हळूहळू ओढ. कोन बदलत राहतात, बेरीज 180 च. इथे एक गंमत आहे, ती आधीच सांगते म्हणजे वर्गात गडबडणार नाहीस. मापं पूर्ण अंशांत दाखवायला लावलीस तर कधी 60, 60 आणि 59 असं दिसतं, आणि एखादी हुशार पोर लगेच म्हणते, "बाई, हे तर 179 झाले!" घाबरू नकोस, तिची पाठ थोपट. मग दशांश स्थळं वाढवून दाखव. 60.4, 60.4 आणि 59.2. पूर्णांकात आणताना काय हरवतं हे मुलांना असं समोर दिसलं की आसन्न किमतीचा अर्धा धडा तिथेच होतो. त्यानंतर कागदाचा त्रिकोण कापून, कोपरे फाडून एका रेषेवर जुळवायला लाव, म्हणजे हातालाही पटतं.

विज्ञानाच्या तासासाठी पैसे नाहीत म्हणून कधी हिरमुसलीस तर अरविंद गुप्तांची वेबसाईट उघड. टाकाऊ वस्तूंतून बनवलेली खेळणी, त्यांच्या फिल्म आणि ढीगभर पुस्तकं, मराठीतलीसुद्धा, तिथे मोफत आहेत. या कामासाठी त्यांना 2018 मध्ये पद्मश्री मिळाली. फिल्म तू बघ आणि वर्गात खेळणंच करायला घे. झाकणं, स्ट्रॉ, सायकलची जुनी ट्यूब मुलं घरूनच आणतात.

घरच्या अभ्यासाबद्दल मात्र मी जरा कडकच बोलणार आहे. फोनवर गृहपाठ टाकून मोकळी होऊ नकोस. घरात फोन एक, तो बाबांबरोबर शेतात नाहीतर कामावर, रात्री परत आला की चार्जिंग संपलेलं आणि भावंडं तीन. 2020 मध्ये शाळा बंद होत्या, तेव्हा सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' ही अभ्यासाची मालिका लागायची. नेट नसलेल्या घरांतही ती पोहोचायची, कारण तिला टीव्ही पुरेसा होता. तसा विचार कर. जे सगळ्यांपर्यंत पोहोचणार नाही त्यावर गुण ठेवायचे नाहीत. फोनवरचं काही पाठवलंस तर 'जमलं तर बघा' एवढंच, आणि तेच दुसऱ्या दिवशी वर्गात सगळ्यांना दाखव.

मुलांचे फोटोही जरा सांभाळून. उपक्रम झाला की लगेच चेहऱ्यांसकट, नावांसकट ग्रुपवर टाकायची आपल्याकडे पद्धतच पडली आहे. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात 18 वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीची अट आहे. कायद्याचं सोड, कुणाच्या लेकीचा फोटो कुठे कुठे फिरतो ते आपल्याला कळतही नाही. पालकसभेत विचार, होकार लेखी घे, आणि शक्यतो हातांचे, वह्यांचे, मांडणीचे फोटो काढ. नवं ॲप मुलांची नावं, जन्मतारखा मागत असेल तर ते तिथेच बंद कर.

चॅटजीपीटीवरून प्रश्न काढून घेतेस, त्यात गैर काही नाही. वेळ वाचतो आणि तुला तो हवाच आहे. फक्त प्रत्येक गणित आधी स्वतः सोडव आणि भाषा तुझ्या गावची कर. 'जॉनने सफरचंदं विकत घेतली'च्या जागी तुझ्या आठवडी बाजारातले कांदे येऊ देत, आणि भावही आजचा टाक.

तर आत्ता एवढंच कर. मागच्या परिषदेच्या सगळ्या लिंका एका वहीत विषयवार उतरवून ठेव आणि फोनमधून काढून टाक. विजेच्या पाठाची एकच फाईल उतरव. अडलीस तर जेवणं उरकल्यावर फोन कर, नऊनंतर मी मोकळीच असते. आणि सेल दोन जास्तीचे आण गं, मुलं एक तरी संपवतातच.