आययूआयआधी वीर्य का धुतात?

लग्नाला दोन-तीन वर्षे झाली आणि पाळणा हलला नाही, की बोट सुनेकडेच दाखवले जाते. पण मूल न होणाऱ्या सुमारे निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडील कारणाचाही वाटा असतो. म्हणून नवऱ्याची वीर्यतपासणी सुरुवातीलाच करावी. तिला सुईसुद्धा टोचावी लागत नाही.

तपासणीनंतर काही जोडप्यांना डॉक्टर आययूआय सुचवतात. यात नवऱ्याचे शुक्राणू बारीक नळीने बायकोच्या गर्भाशयात सोडतात. त्यासाठी तिची निदान एक गर्भनलिका मोकळी असावी लागते.

वीर्य मात्र जसेच्या तसे सोडत नाहीत. एरवी गर्भाशयाच्या तोंडाशी असलेला चिकट स्राव ते गाळून घेतो. न धुता आत गेले तर त्यातील द्रव्यांमुळे पोटात जोराच्या कळा येतात, जंतुसंसर्गही होऊ शकतो.

धुण्याच्या मुख्य पद्धती तीन :

१) साधी धुलाई : पोषक द्रव मिसळून नळी यंत्रात गरगर फिरवतात. शुक्राणू तळाशी बसतात. यात मेलेले शुक्राणूही राहतात.

२) पोहून वर येणे : वीर्यावर पोषक द्रव ठेवून नळी 37 अंशांवर तासभर ठेवतात. चपळ शुक्राणू पोहत वर येतात. मिळणारी संख्या कमी असते.

३) थरांची गाळणी : दाट आणि पातळ द्रवांच्या थरांतून फिरवतात. चांगले शुक्राणू तळाशी जातात, घाण वर अडकते.

यांपैकी एकाच पद्धतीने गर्भ जास्त राहतो, असे अभ्यासांतून सिद्ध झालेले नाही. म्हणून ‘खास धुलाई’च्या नावाखाली कोणी जादा पैसे मागितले, तर कारण विचारा.

नमुना देताना हे पाळा :
• आधी 2 ते 7 दिवस संबंध ठेवू नये, वीर्य बाहेर काढू नये.
• दवाखान्याने दिलेल्या डबीतच द्यावा. तेल, साबण, साधा निरोध वापरू नये.
• थोडा सांडला तर लपवू नये, सांगावे.
• घरून आणल्यास अंगाच्या उबेत, तासाभरात पोचवावा.
• डबीवर दोघांची नावे वाचून घ्यावीत.

‘मुलगाच होईल असे धुऊन देतो’ म्हणणाऱ्याच्या दारात थांबू नका. गर्भधारणेपूर्वी लिंग निवडणे हाही 1994 च्या कायद्यानुसार गुन्हा आहे. आययूआय करणाऱ्या केंद्राला 2021 च्या कायद्याने नोंदणी सक्तीची आहे; प्रमाणपत्र पाहायला मागा.

एका वेळेत यश आले नाही, तरी सुनेला बोल लावू नका. दवाखान्यात दोघांनी मिळून जा, शंका दोघांनी विचारा.