माप भरून द्यावे : घरचा साबण आणि म्हापशाचा शुक्रवार

बारदेशात लहानाचा मोठा झालेल्या माणसास शुक्रवार कोणता हे पंचांग उघडून पाहावे लागत नाही. पहाटेच्या बसगाडीत टोपल्या, पाटल्या आणि पिशव्या यांची दाटी झाली, की शुक्रवार उजाडला असे खुशाल समजावे. ‘म्हापसा’ या नावाची फोड ‘माप’ या शब्दावरून करण्याची आपल्याकडे परंपरा आहे. जेथे माप भरून दिले जाते ते म्हापसे, असे जुनी माणसे सांगतात. ही व्युत्पत्ती भाषापंडितांस मान्य होवो वा न होवो, गेल्या वर्षी आमच्या नववीच्या वर्गाला तिचा अर्थ चांगलाच कळला. तो कसा, हे सांगण्यासाठी प्रस्तुत लेख आहे.

शाळेतील कार्यानुभवाच्या तासाला काहीतरी वस्तू करून ती बाजारात विकावी, म्हणजे विज्ञान, गणित आणि व्यवहार यांची एकत्र ओळख होईल, असा आमचा विचार होता. पुष्कळ चर्चा होऊन साबण ठरला. कोणी नारळाच्या करवंटीची डवली सुचविली, कोणी क्रोशाचे रुमाल सुचविले. परंतु गावात खोबरेल तेलाचा घाणा असताना साबणाचा मोह आवरेना.

साबण होतो कसा?

विद्यार्थी मित्रहो, तेल आणि पाणी यांचे हाडवैर तुम्ही जाणताच. साबण हा या दोघांमधील मध्यस्थ होय. त्याच्या कणाचे एक टोक पाण्याशी सलगी करते व दुसरे तेलकट मळाला चिकटते. म्हणून पाण्याबरोबर मळही निघून जातो. हा मध्यस्थ तेलापासूनच जन्मतो. तेल म्हणजे मेदाम्ले आणि ग्लिसरीन यांचे संयुग. त्यावर कॉस्टिक सोड्याची क्रिया झाली की ग्लिसरीन सुटे होते व मेदाम्ले सोड्याशी जोडली जाऊन साबण बनतो. मनुष्य शतकानुशतके राख व चरबी एकत्र शिजवून साबण करीत आला. पण त्या हंड्यात नेमके काय घडते याचा उलगडा मिशेल शेव्हरल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने केला व १८२३ साली आपल्या ग्रंथात मांडला. आपल्या आज्या मात्र साबणावाचून अडल्या नाहीत. रिठा आणि शिकेकाई यांच्या फेसावर त्यांचे उत्तम चालले.

प्रत्येक तेलाची सोड्याची भूक निराळी असते. खोबरेल तेलाच्या १००० ग्रॅमांस सुमारे १८३ ग्रॅम कॉस्टिक सोडा पुरतो. आम्ही त्यातला शेकडा ५ भाग कमी करून १७४ ग्रॅमच घेतला, म्हणजे थोडे तेल शिल्लक राहील, पण मोकळा सोडा मुळीच उरणार नाही. पाणी ३५० ग्रॅम. खोबरेल तेलात सुमारे निम्मे लॉरिक आम्ल असते. त्यामुळे त्याचा साबण कठीण होतो आणि विहिरीच्या जड पाण्यातही बऱ्यापैकी फेस देतो. कपड्यांना तो चांगला. अंगाला मात्र कोरडा पडतो.

येथे एक सूचना पुन्हा पुन्हा सांगितली पाहिजे. कॉस्टिक सोडा हा खेळ नव्हे. तो कातडी जाळतो आणि डोळ्यात गेल्यास दृष्टी घेऊ शकतो. सोडा हळूहळू पाण्यात घालावा. सोड्यावर पाणी कधीही ओतू नये, कारण एकदम उष्णता निर्माण होऊन द्राव उसळतो. ॲल्युमिनियमचे भांडे वर्ज्य, कारण सोडा ते खातो. हातमोजे व चष्मा घातल्यावाचून आणि मोठे माणूस जवळ असल्यावाचून कोणीही या कामाला हात लावू नये. अंगावर थेंब उडालाच, तर नळाखाली भरपूर पाण्याने धूत राहावे व लगेच डॉक्टरांकडे जावे. आमच्या वर्गात सोड्याचे काम विज्ञानाच्या शिक्षकांनी स्वतः केले. मुलांनी वजने केली, मिश्रण ढवळले आणि साच्यात ओतले.

दुसऱ्या दिवशी ढेप घट्ट झाली. तिच्या कडा छाटून १०० ग्रॅमच्या १४ वड्या निघाल्या. असे चार घाणे आम्ही केले. एकूण वड्या ५६ झाल्या. त्या चार आठवडे वाऱ्याला फळीवर मांडून ठेवल्या.

कायदा काय म्हणतो?

पहिल्या उत्साहात मुलांना सुगंधी, अंगाला लावण्याचा साबण हवा होता. त्यांस कायदा समजावून द्यावा लागला. १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याच्या व्याख्येतून साबण पूर्वी वगळलेला होता. १९८२ च्या दुरुस्तीने ती सवलत काढली गेली. तेव्हा अंगाचा साबण विक्रीसाठी करावयाचा तर परवाना लागतो. घरगुती धंदा करू इच्छिणाऱ्या भगिनींनी ही गोष्ट आधी ध्यानात घ्यावी. म्हणून आम्ही कपड्यांच्या साबणावर समाधान मानले. वेष्टनात बांधून वस्तू विकावयाची, तर २०११ च्या नियमांप्रमाणे तिच्यावर करणाऱ्याचे नाव व पत्ता, निव्वळ वजन, केल्याचा महिना व वर्ष आणि कमाल किंमत छापली पाहिजे. मुलांनी सुबक कागद तयार केले, त्यांवर ‘१०० ग्रॅम’ व ‘५० रुपये’ असे ठसठशीत लिहिले, आणि चार आठवड्यांनी वड्या गुंडाळल्या.

बाजारात

ठरल्या शुक्रवारी सहा मुले व आम्ही म्हापशास गेलो. मयड्याची केळी, डिचोलीची मातीची भांडी, वेळूची सुपे, ओळीने लटकविलेले चोरीस, भिंडांची सोले यांच्या गर्दीत आम्हांस हातभर जागा मिळाली. सोपो गोळा करणारा माणूस आला व पावती फाडून गेला. पावसाळ्यापूर्वीचे दिवस होते. घरोघरच्या बायका पुरुमेंताची बेगमी करण्यास निघाल्या होत्या. सुकी मासळी आणि मिरची घेणाऱ्या हातांना साबणाची एक वडीही सहज घ्यावीशी वाटेल, असा आमचा अंदाज होता.

आमच्यातील एक विद्यार्थिनी मात्र सकाळपासून अबोल होती. तिची आई त्याच बाजारात, आमच्यापासून चार टोपल्यांवर, तांबडी भाजी आणि मुळा विकावयास बसते, हे आम्हांस ठाऊक होते. वर्गातील मुलांस ठाऊक नव्हते. मुलगी त्या बाजूला पाठ करून बसली होती. आम्ही काही बोललो नाही.

नऊच्या सुमारास ती माउलीच उठून आमच्याकडे आली. तिने एक वडी उचलली, हुंगली, तळहातावर तोलली, आणि ती घेऊन आपल्या काट्याकडे गेली. परत येऊन ती लेकीला एवढेच म्हणाली, “बाये, हांगा शंबर बरयलां, काटो नव्वद दाखयता.”

आम्ही थक्क झालो. वर्गात वजन केले होते ते वडी कापली त्या दिवशी! चार आठवड्यांत तिच्यातले पाणी उडून गेले, हे आम्हीच फळ्यावर शिकविले होते. परंतु वेष्टनावर आकडा लिहिताना ओल्या वजनाचाच लिहिला गेला. कोणाला फसविण्याचा हेतू नव्हता. तरी हेतू पाहून काटा हलत नाही. आणखी वड्या तोलल्या. सगळ्या ९० ग्रॅमच्या आसपास.

आता काय करावे? एक मुलगा म्हणाला, “दहा ग्रॅम कोण मोजतो?” उत्तर द्यावयास आम्ही तोंड उघडले, तोच ती अबोल मुलगी म्हणाली, “माझी आई मोजते.” त्या तीन शब्दांनी वर्गातील मुलांस जे कळावयाचे ते कळले. नंतर तिनेच कागद सोडावयास सुरुवात केली. सर्व वेष्टने काढून टाकली, आणि आईचा काटा मधूनमधून मागून घेऊन वड्या सुट्या, तोलून विकल्या. १०० ग्रॅमांस ५० रुपये हा दर कायम ठेवला. म्हणजे वडीचे ४५ रुपये झाले.

हिशोब

आता पाटी-पेन्सिल घ्यावी. एका घाण्यास तेल ४०० रुपयांचे, सोडा २५ रुपयांचा, कागद व छपाई ३० रुपये, एकूण ४५५. चार घाण्यांचे १८२०. सोपो व बसभाडे मिळून ६५. सारा खर्च १८८५ रुपये. त्या दिवशी वड्या खपल्या ३८. प्रत्येकी ४५ प्रमाणे १७१० रुपये आले. म्हणजे संध्याकाळी परतताना आम्ही १७५ रुपयांनी तोट्यात होतो, आणि पिशवीत १८ वड्या होत्या.

परंतु साबण नासत नाही. पुढच्या शुक्रवारी आणखी ६५ रुपये खर्चून आम्ही पुन्हा गेलो. सर्व १८ वड्या संपल्या व ८१० रुपये मिळाले. दोन्ही दिवसांची विक्री २५२०, खर्च १९५०, शिल्लक ५७० रुपये.

हा नफा काय? येथेच पुष्कळ लोक फसतात. आम्ही मुलांस तास मोजावयास सांगितले. माल करण्यास ३ तास, गुंडाळण्यास ३, बाजारात दोनदा ५-५. एकूण १६ तास. हे एकाच माणसाचे श्रम धरले, तरी तासाला सुमारे ३५ रुपये पडतात. आम्ही तर सहा जण होतो. हाताने केलेली वस्तू कारखान्याच्या मालाहून महाग का असते, आणि तरीही करणाऱ्याच्या पदरी थोडेच का पडते, याचे उत्तर या भागाकारात आहे. आणखी एक गोष्ट पाहा. सोपो व भाडे हे १४ वड्या नेल्या तरी ६५ आणि ५६ नेल्या तरी ६५. मात्र तेलाचा खर्च प्रत्येक वडीबरोबर वाढतो. पहिल्यास स्थिर व दुसऱ्यास बदलता खर्च म्हणतात. बाजाराला जाताना टोपली भरून जावे, यातील शहाणपण हेच. परंतु खपेल त्याहून अधिक माल केला, तर पैसा फळीवर अडकून पडतो.

भाजीवालीला तर तेवढीही सवड नसते. आमची उरलेली वडी आठ दिवस थांबली; तिची तांबडी भाजी संध्याकाळपर्यंत माना टाकते. दुपार कलली की दर उतरविणे तिला भाग असते, आणि हे चतुर गिऱ्हाईक जाणून असते. किती भाव उतरवावा, केव्हा उतरवावा, उद्यासाठी किती जुड्या खुडाव्यात, हे सारे गणित ती कागदाला न शिवता करते. आम्ही दोन शुक्रवारांत जे शिकलो, ते तिला प्रत्येक शुक्रवारी सोडवावे लागते. आणि तिच्या तासांचा हिशोब कोणी मांडत नाही, बहुधा तीही नाही.

वर्षाअखेर मुलांनी कार्यानुभवाच्या वह्या सादर केल्या. त्या मुलीच्या वहीत साबणाचा हिशोब दुसऱ्या पानापासून सुरू होत होता. पहिल्या पानावर तिने एका शुक्रवारचा आपल्या आईचा हिशोब मांडला होता : बियाणे, खत, भाडे, सोपो, विक्री; आणि खाली एक निराळी ओळ, ‘आईचे तास : १४’. त्या ओळीपुढची रक्कम तिने कोरी ठेवली होती. आम्ही त्या पानावर गुण दिले नाहीत. फक्त सही केली.

पालकांस आमची एक विनंती आहे. यंदा पुरुमेंताच्या बाजारास जाताना मुलांस बरोबर न्यावे. हातची वस्तू घेताना घासाघीस जरूर करावी, तो बाजाराचा धर्मच आहे. परंतु भाव ठरविण्यापूर्वी तिच्यात किती तास गेले असतील, याचा अंदाज मुलांस करावयास सांगावा. आणि विद्यार्थी मित्रहो, तुम्ही उद्या काही करून विकलेत, तर वजन विकण्याच्या दिवशी करा. माप भरून द्यावे, आणि भरून घ्यावे.