पुलापलीकडची अष्टमी

कुंडलिकेच्या एका तीराला रोहा, दुसऱ्या तीराला अष्टमी. नगरपालिका दोघांची मिळून एक, पण कचेरी, मोठा बाजार, सगळं पुलापलीकडे रोह्यात. मी वाढले अष्टमीत. तिथे जे शिकले, त्यातलं थोडं.

1. नदीकाठच्या मुलाला भरतीचा हिशेब यायलाच हवा. रेवदंड्याकडून खाडीचं पाणी रोह्यापर्यंत चढतं. आजोबा तिथीची पाऊणपट करायला लावत: अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे किनाऱ्यावर सहाच्या सुमाराला पूर्ण भरती. आमच्याकडे पाणी त्याहून उशिरा पोचतं, तेवढं मनात धरायचं. हा हिशेब जमेपर्यंत एकट्याने पाण्याकडे फिरकायची परवानगी नव्हती.

2. आपल्याकडचं पाणी कुठून येतं ते विचारावं. भर उन्हाळ्यात सह्याद्रीतल्या बऱ्याच नद्या आटतात, कुंडलिका वाहती राहते. कारण टाटांचं भिऱ्याचं वीजघर, 1927 सालचं. मुळशी धरणाचं पाणी घाटाखाली उतरून तिथे वीज करतं आणि मग आमच्या नदीला मिळतं. त्याच धरणासाठी मावळ्यांच्या जमिनी गेल्या, 1921 साली मुळशी सत्याग्रह उभा राहिला, पुढे सेनापती बापटांनी तुरुंगवास सोसला. लहानपणी मला नुसतं गार पाणी ठाऊक होतं. त्यामागचं मोल मोठेपणी वाचलं आणि आतून फार हलले.

3. शेजार पोपटीवर जुळतो. पौष-माघात वालाच्या शेंगा भरल्या की मडक्याच्या तळाशी भांबुर्ड्याचा पाला, वर शेंगा, ओवा, जाडं मीठ, कुणाची अंडी, कुणाची कोंबडी. पाण्याचा थेंब घालायचा नाही. तोंड पाल्यानेच गच्च बंद करून मडकं उपडं ठेवायचं आणि भोवती पेंढा पेटवायचा. मडक्यावर पाणी शिंपडून चर्र आवाज आला की झाली. शाकाहारी घरांसाठी वेगळं मडकं आधी लागे. मोहल्ल्यातली मुलं पेंढा आणायला पुढे, खायलाही पुढे. कोण कुणाच्या घरचा हे त्या शेकाभोवती कुणी विचारलं नाही. आता पोपटीची विकतची पार्सलं मिळतात. चव असते, पण राखेत हात काळे झाल्याशिवाय ती पोपटी नव्हे, असं माझं ठाम मत आहे.

4. उत्सवाला काठ नसतो. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी रोह्याच्या ग्रामदैवताची, धावीर महाराजांची पालखी निघते, पोलीस सशस्त्र मानवंदना देतात. आम्ही पहाटेच पूल ओलांडून उभे.

5. मोठ्या गावाच्या सावलीतल्या गावालाही स्वतःचा इतिहास असतो. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख रोह्याचे, पांडुरंगशास्त्री आठवले 1920 साली रोह्यात जन्मले, हे लहानपणापासून ऐकलं. अष्टमीचं मात्र कुणी काही सांगितलं नाही. शिवराज्याभिषेकासाठी 1674 साली रायगडाला निघालेला इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडन चौलहून होडीने खाडी चढून अष्टमीला उतरला आणि इथून निजामपूरच्या वाटेला लागला. म्हणजे ही धक्क्याची, व्यापाराची जुनी पेठ. हे मला दहाव्या वर्षी कळलं असतं, तर पुलावरून चालताना मान जरा ताठ राहिली असती.

अष्टमीत ज्यांच्या घरी आजी-आजोबा आहेत, त्यांनी धक्क्याच्या, होड्यांच्या, भाताच्या गोण्यांच्या आठवणी त्यांच्याकडून या पावसाळ्यातच वहीत उतरवून घ्याव्यात आणि ती वही गावातल्या मुलांच्या हाती द्यावी.