खासदाराच्या कामाचा हिशेब एका पानावर

आपला खासदार संसदेत कोणत्या भूमिकेत आहे, कशाच्या बाजूने मत देतो, काय विचारतो, हे सगळं घरबसल्या काढता येतं. फक्त पायऱ्यांचा क्रम मोडायचा नाही. चला, बसा टेबलाशी. नागपूरचंच उदाहरण घेऊ.

लागणारं साहित्य: मतदार ओळखपत्र, इंटरनेट असलेला फोन किंवा लॅपटॉप, कोरा कागद, पेन.

कृती

१. मतदारसंघ पक्का करा. निवडणूक आयोगाच्या मतदार पोर्टलवर ओळखपत्राचा क्रमांक टाका. सांभाळा: पत्त्यात ‘नागपूर’ आहे म्हणून गृहीत धरू नका. कामठी आणि हिंगणा शहराला खेटून असले, तरी लोकसभेसाठी ते रामटेकमध्ये येतात.

२. कागदाच्या माथ्यावर खासदाराचं नाव लिहा. २०२४ च्या निवडणुकीत नागपुरातून नितीन गडकरी आणि रामटेकमधून श्यामकुमार बर्वे निवडून आले.

३. खाली चार रकाने आखा: भूमिका, प्रश्न, हजेरी, मतदान.

४. ‘संसद डॉट इन’ हे संसदेचं अधिकृत संकेतस्थळ उघडा आणि त्यात लोकसभा निवडा. सांभाळा: राज्यसभेचा विभाग वेगळा आहे, तिथे हे दोघे सापडणार नाहीत.

५. सदस्यांच्या यादीत तुमच्या खासदाराचं पान काढा. पूर्ण नाव टाकून सापडलं नाही, तर नुसतं आडनाव टाका. इंग्रजी स्पेलिंगमध्ये एक अक्षर इकडचं तिकडे झालं, तरी पान हाती लागत नाही.

६. पहिला रकाना भरा. गडकरींपुढे लिहा: रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्री, २०१४ पासून. मंत्री नसलेल्या खासदारापुढे त्याच्या स्थायी समितीचं नाव आणि वर्ष लिहा. सांभाळा: या समित्या दरवर्षी नव्याने नेमल्या जातात, म्हणून गेल्या वर्षीचं नाव तसंच उतरवू नका. मंत्र्याच्या नावापुढे स्थायी समिती शोधत बसू नका, मंत्री त्यावर नसतात.

७. प्रश्नांचा विभाग उघडा. बर्वेंसाठी सदस्याच्या नावाने शोधा. गडकरींसाठी मंत्रालयाच्या नावाने शोधा, कारण मंत्री प्रश्न विचारत नाहीत, उत्तरं देतात. सांभाळा: मंत्र्यापुढे ‘शून्य प्रश्न’ लिहिलंत, तर पानच खोटं ठरेल. ‘लागू नाही’ लिहा.

८. सापडलेले प्रश्न मोजा. तारांकित वेगळे, अतारांकित वेगळे. तारांकित प्रश्नाला सभागृहात तोंडी उत्तर मिळतं, अतारांकिताला लेखी.

९. नागपूरचा उल्लेख असलेलं एक उत्तर शेवटपर्यंत वाचा. वर प्रश्नाचे भाग, मग मंत्र्याचं नाव, मग उत्तर, अशी मांडणी दिसेल. सांभाळा: पहिल्या परिच्छेदावर थांबू नका. कामाचे आकडे पुष्कळदा मागच्या जोडपत्रात असतात.

१०. हजेरीचा रकाना भरा. ‘पीआरएस’ या संस्थेच्या संकेतस्थळावर खासदारनिहाय टक्केवारी मिळते. सांभाळा: मंत्र्यांना हजेरीपटावर सही करावी लागत नाही. तिथेही ‘लागू नाही’.

११. आता मतदानाकडे वळा. आधी एकच विधेयक निवडा. सरावाला वक्फ (सुधारणा) विधेयक घ्या.

१२. पुन्हा लोकसभेच्या विभागात या आणि २ एप्रिल २०२५ च्या बैठकीचं कामकाज उघडा. सांभाळा: मतदान मध्यरात्र उलटल्यावर झालं, पण बैठक २ तारखेचीच. ३ तारखेच्या कामकाजात शोधाल, तर हात हलवत परत याल.

१३. त्या मजकुरात इंग्रजी अक्षरांत ‘डिव्हिजन’ हा शब्द शोधा. मतविभाजन झालं असेल, तरच नावानिशी याद्या मिळतात. इथे बाजूने २८८ आणि विरोधात २३२ मतं पडली.

१४. याद्यांत तुमच्या खासदाराचं नाव गाठा. सांभाळा: नावाजवळ खूण दिसली, तर तळटीप वाचा. यंत्रावर चुकलेलं किंवा न उमटलेलं मत चिठ्ठीने दुरुस्त झालेलं असतं. नाव कुठेच नसेल, तर ‘विरोधात’ लिहू नका. ‘यादीत नाव नाही’ एवढंच लिहा.

१५. यादीच नसेल, तर ‘आवाजी मतदान, नोंद नाही’ असं लिहा. १० ऑगस्ट २०२३ चा अविश्वास प्रस्ताव असाच आवाजी मतदानाने फेटाळला गेला. सांभाळा: आवाजी मतदानातून एकट्या खासदाराचं मत कुणीही काढून दाखवू शकत नाही. कुणी छातीठोक सांगितलं, तर त्यांच्याकडे यादी मागा.

१६. प्रत्येक मतापुढे त्याच्या पक्षाचा कल लिहा. पक्षादेश निघाला असेल, तर ते मत एकट्याच्या मर्जीचं मानू नका.

१७. कागदाच्या तळाशी आजची तारीख टाका. पुढचं अधिवेशन संपलं की नवं पान करा.

१८. रिकाम्या राहिलेल्या एका जागेवरून एक नेमका प्रश्न तयार करा आणि खासदारांच्या कार्यालयाला लेखी पाठवा. ‘तुम्ही काय केलंत?’ असं मोघम नको. विधेयकाचं नाव आणि बैठकीची तारीख घालून विचारा. हातात नोंद असली की प्रश्नाला वजन येतं, आणि तो विचारण्याचा हक्क तुमचा आहे.