ओरेगॉन ट्रेलवर मंडळींना घेऊन जाताना

अमेरिकेत नव्याने आलेलं कुटुंब पहिल्या उन्हाळ्यात नायगारा आणि न्यूयॉर्क उरकतं, दुसऱ्यात ग्रँड कॅन्यन. मग प्रश्न पडतो की आता कुठे? ओमाहा, कॅन्सस सिटी, डेन्व्हर या पट्ट्यात संसार मांडून बसलेल्या जुन्या मराठी घरांना विचारलंत तर बरेच जण सांगतील की प्लॅट नदीचा काठ धरा आणि पश्चिमेला चालू लागा. जुन्या ओरेगॉन ट्रेलचा नेब्रास्का-वायोमिंगमधला भाग पाच-सहा दिवसांत, दोन गाड्यांच्या घोळक्याला आरामात जमतो. या घरांनी आपापल्या अनुभवातून सांगितलेलं इथे एकत्र केलं आहे. त्यांची मतं सगळीकडे जुळत नाहीत. जिथे जुळली नाहीत तिथे आम्ही आमचं मत दिलं आहे.

एका गोष्टीवर मात्र सगळे ठाम होते. एकच वाट धरा. नकाशा उघडला की कोणीतरी म्हणतंच, “एवढं जातोय तर माउंट रशमोर पण करू, यलोस्टोन पण जवळच आहे.” जवळ काही नाही. त्या नादात सगळा वेळ गाडीत जातो आणि शेवटी फोटो उरतात ते पेट्रोल पंपांचे. ही सहल मुळातच एका रेषेची आहे. बैलगाड्या ज्या दिशेने गेल्या त्याच दिशेने, पूर्वेकडून पश्चिमेकडे गेलं तरच तिची गंमत कळते. सपाट गवताळ मुलूख हळूहळू कोरडा होत जातो, मग क्षितिजावर पहिला सुळका दिसतो, मग डोंगर. उलट दिशेने आलं की हे सगळं हातातून निसटतं.

थोडी पार्श्वभूमी मुलांना आणि भारतातून आलेल्या आई-बाबांना आधीच सांगून ठेवा. मिसूरीतल्या इंडिपेन्डन्सहून ओरेगॉन सिटीपर्यंत ही वाट सुमारे २,००० मैलांची. १८४३ मध्ये हजारेक माणसांचा मोठा तांडा निघाला आणि तिथून ओघ सुरू झाला. १८६९ मध्ये रेल्वे आरपार जोडली गेली तोवर कॅलिफोर्निया आणि युटाकडे जाणारे धरून तीन-चार लाख माणसं या वाटेने गेली. सिनेमात दाखवतात तसे ऐटीत गाडीत बसून नव्हे. गाडीत पीठ, खारवलेलं डुकराचं मांस, कॉफी, अवजारं यांचंच वजन इतकं असे की धडधाकट माणसं बहुतेक वाट पायीच चालत. गाडी ओढायला घोड्यांपेक्षा बैल जास्त, कारण बैल स्वस्त, चिवट आणि नुसत्या गवतावर जगणारे. दिवसाला दहा-पंधरा मैल झाले की भरून पावलं. तेवढं अंतर तुमची गाडी इंटरस्टेट ८० वर दहा-बारा मिनिटांत कापते. आजींना सगळ्यात आवडणारी माहिती म्हणजे झाडंच नसलेल्या त्या मुलखात बायका बायसनच्या वाळलेल्या शेणावर स्वयंपाक करत. ओच्यात गोळा करून आणत, गोवऱ्यांसारख्याच.

निघायचं कधी? तांडे एप्रिल-मेमध्ये निघत, बैलांपुरतं गवत उगवलं की. तुमच्यासाठी जूनचा पहिला पंधरवडा किंवा सप्टेंबर. जुलै-ऑगस्टमध्ये ऊन भाजून काढतं आणि सावली नावाला नाही. मे-जूनमध्ये दुपारनंतर वादळं आणि गारा येतात, म्हणून उघड्या टेकड्यांवरची चढाई सकाळीच उरका. फोनवर टॉर्नेडोचा इशारा आला तर ‘वॉच’ म्हणजे तशी हवा आहे, ‘वॉर्निंग’ म्हणजे वादळ दिसलं आहे किंवा रडारवर आलं आहे. वॉर्निंगला मुकाट्याने जवळच्या पक्क्या इमारतीत शिरायचं, व्हिडिओ काढत उभं राहायचं नाही.

गाडी, कागद, डबा

पंधरा माणसांची एकच मोठी व्हॅन घ्यावी असं काही जण म्हणतात. आम्हाला दोन मध्यम गाड्या बऱ्या वाटतात. एखाद्या लहानग्याला उलटी झाली तर सगळी वरात थांबत नाही. पंचवीस वर्षांखालचा चालक असेल तर भाड्याच्या गाडीवर जादा आकार पडतो, आणि जो जो चालवणार त्याचं नाव करारात हवंच. करार वाचताना कच्च्या रस्त्यांबद्दल काय लिहिलंय ते बघा, बऱ्याच कंपन्यांना ते चालत नाही आणि शेवटच्या टप्प्यावर खडीचा रस्ता आहे. मुलांच्या कार सीट स्वतःच्याच न्या. ग्रीन कार्ड असेल तर मूळ कार्ड, नाहीतर पासपोर्ट आणि आय-९४ जवळ ठेवा. भारतातून आलेल्या आई-बाबांचा प्रवासी विमा निघण्याआधी काढलेला असू द्या, कारण वायोमिंगमध्ये मोठं इस्पितळ शंभर मैलांवर असू शकतं.

पोलिसाने थांबवलं तर गाडी उजवीकडे घ्यायची आणि आतच बसून राहायचं. हात स्टिअरिंगवर, कागद मागितल्यावरच काढायचे. आपल्याकडे खाली उतरून नम्रपणे बोलायला जायची सवय असते, तीच इथे धोक्याची.

खाण्याचं म्हणाल तर पहिल्या दोन दिवसांसाठी दशम्या, धपाटे, लसणाची चटणी, चिवडा. पुढे मेतकूट-भाताला छोटा राइस कुकर पुरतो. मोटेलच्या खोलीत फोडणी मात्र देऊ नका. स्मोक अलार्म वाजतो, रात्री अकरा वाजता सगळे पाहुणे पायजम्यात पार्किंगमध्ये येतात आणि वर दंडाची पावती. शाकाहारी मंडळींनी मेक्सिकन उपाहारगृहात बीन्समध्ये डुकराची चरबी आहे का ते विचारून घ्यावं. पुष्कळदा असते.

पहिला मुक्काम इतिहासाचा, रस्त्याचा नव्हे

ओमाहाहून थेट पश्चिमेला न जाता आधी दक्षिणेला बिअ‍ॅट्रिस गावाजवळच्या होमस्टेड नॅशनल हिस्टॉरिकल पार्कला जा. ट्रेलशी त्याचा थेट संबंध नाही, पण ज्या जमिनीच्या ओढीने माणसं पश्चिमेला गेली त्या जमिनीचा हिशेब इथे मांडला आहे. लिंकनने २० मे १८६२ ला होमस्टेड कायद्यावर सही केली. १६० एकर घ्या, पाच वर्षं तिथे राहा, कसा, घर बांधा, मग जमीन तुमची. १ जानेवारी १८६३ ला, कायदा लागू झाला त्याच दिवशी, डॅनिअल फ्रीमनने अर्ज भरला तो याच जागेसाठी. पुढे सुमारे १६ लाख जणांना मिळून २७ कोटी एकर जमीन गेली, म्हणजे देशाच्या भूमीचा जवळजवळ दहावा हिस्सा. एकट्या बायकांना, विधवांनाही अर्ज करता येई. परदेशातून आलेल्यांनाही, पण नागरिक होण्याचा इरादा जाहीर करण्याच्या अटीवर.

व्हिसाच्या रांगेत असलेला आपला मराठी माणूस त्या अटीपाशी हमखास थबकतो. आपल्याला ही जमीन मिळाली असती का? त्याचं उत्तर पुढे ओरेगॉनच्याच एका खटल्यात आहे. भगत सिंग थिंद या भारतीय गृहस्थांना तिथल्या न्यायालयाने १९२० मध्ये नागरिकत्व दिलं आणि १९२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने भारतीय माणूस कायद्याच्या अर्थाने गोरा नाही म्हणून ते काढून घ्यायला मान्यता दिली. नागरिकत्वाचं दार भारतीयांना उघडलं ते १९४६ मध्ये. हे मुलांना इथेच सांगा, गाडीत बसल्यावर कोणी ऐकत नाही.

प्लॅटच्या काठाने

कार्नीला इंटरस्टेटच्या डोक्यावर बांधलेलं आर्चवे संग्रहालय आहे. लहान मुलांना आवडतं, मोठ्यांना जरा भपकेबाज वाटतं. वेळ कमी असेल तर ते गाळून शेजारच्या फोर्ट कार्नीला जा. तिथे पाहण्यासारखं थोडंच आहे, पण १८४८ मध्ये तांड्यांच्या रक्षणासाठी उभारलेलं हे ठाणं नदीकाठच्या सपाटीवर कसं एकटं पडलेलं होतं ते लगेच कळतं. नेब्रास्काच्या राज्य उद्यानांना गाडीमागे परवाना लागतो, तो आधी ऑनलाइन काढून ठेवा. ओगलालाला पोचण्याआधी घड्याळ एक तास मागे जातं. संग्रहालयं लवकर बंद होतात, तेव्हा हा मिळालेला तास वाया घालवू नका.

लुएलनजवळच्या अ‍ॅश हॉलोला बहुतेक गट थांबत नाहीत. आमच्या मते सगळ्या वाटेवरचं हेच सर्वात बोलकं ठिकाण आहे. विंडलास हिलचा उतार इतका खडा की गाड्यांची चाकं बांधून, दोर लावून त्या खाली सोडाव्या लागत. तिथल्या दफनभूमीत रेचल पॅटिसनची कबर आहे. वय १८, लग्न होऊन थोडेच महिने झालेले, जून १८४९ मध्ये कॉलऱ्याने गेली. या वाटेवर माणसं बाणांनी फार मेली नाहीत, पाण्याने मेली. आणि त्याच परिसरात ब्लू वॉटर क्रीकवर १८५५ मध्ये जनरल हार्नीच्या फौजेने इथल्या मूळ रहिवासी लाकोटांच्या वस्तीवर हल्ला करून ८६ माणसं मारली, त्यांत बायका-मुलंही होती. त्याचं मूळ आदल्या वर्षी फोर्ट लॅरमीजवळ एका प्रवाशाच्या गाईवरून झालेल्या भांडणात होतं. गाय लाकोटांकडे मारली गेली. सरदार कॉन्करिंग बेअर भरपाई द्यायला तयार होता. तरुण लेफ्टनंट ग्रॅटन तोफा घेऊन गेला आणि तो, त्याचे सगळे सैनिक आणि तो सरदार असे सगळेच संपले. कबर आणि ही कथा एकाच दुपारी सांगितली की ‘पायोनिअर’ म्हणजे नुसते धाडसी पूर्वज, असं मुलांच्या डोक्यात राहत नाही.

पुढे चिमनी रॉक. प्रवाशांच्या रोजनिशींत सर्वाधिक उल्लेख असलेली खूण हीच, आणि आधी कित्येक मैलांवरून ती दिसू लागते. पायथ्यापर्यंत जायचा मोह टाळा. गवतात रॅटलस्नेक असतात, तिथले लोकही बूट घालूनच फिरतात. मुक्काम गिअरिंग किंवा स्कॉट्सब्लफमध्ये दोन रात्रींचा करा. स्कॉट्स ब्लफचा कडा मैदानापासून ८०० फूट उंच. गुडघे दुखणाऱ्यांना बोगद्यांतून जाणाऱ्या रस्त्याने गाडीने वर न्या, तरुणांना सॅडल रॉकच्या पायवाटेने खाली उतरू द्या. गावाबाहेर रुळांजवळ रेबेका विंटर्सची कबर आहे. ही बाई १८५२ च्या ऑगस्टमध्ये कॉलऱ्याने गेली तेव्हा दगड कोरायला वेळ नव्हता. सोबत्याने गाडीच्या चाकाची लोखंडी धाव घेतली, तिच्यावर छिन्नीने नाव आणि वय कोरलं आणि ती वाकवून जमिनीत रोवली. ती धाव अजून आहे. रेल्वेवाल्यांनी रूळ टाकताना कबर राखली, आणि १९९५ मध्ये सुरक्षेसाठी ती रुळांपासून थोडी दूर हलवण्यात आली.

वायोमिंग

फोर्ट लॅरमीला अर्धा दिवस द्या. १८३४ मध्ये व्यापाऱ्यांनी सुरू केलेलं ठाणं १८४९ मध्ये लष्कराने विकत घेतलं. १८६८ च्या इथल्या करारात ब्लॅक हिल्स लाकोटांना राखून दिले होते. १८७४ मध्ये तिथे सोनं सापडलं आणि १८७७ मध्ये सरकारने ते घेतले. १९८० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने भरपाई ठरवली, लाकोटांनी ती घेतलेली नाही. त्यांना डोंगर हवे आहेत.

तिथून गर्न्झी अगदी जवळ. वाळूच्या खडकात पाच फुटांपर्यंत खोल गेलेली चाकोरी बघायला थोडंसंच चालावं लागतं. आजोबांना हात धरून न्या, पण न्याच. शेजारच्या रजिस्टर क्लिफवर आणि पुढे इंडिपेन्डन्स रॉकवर प्रवाशांनी कोरलेली नावं आहेत. आपलं नाव कोरायचा विचार कोणाच्या मनात आला तर हा गुन्हा आहे हे आधीच बजावा. इंडिपेन्डन्स रॉकला ४ जुलैच्या सुमारास पोचायचं असं तांड्यांचं गणित होतं, उशीर झाला तर पुढच्या डोंगरांत बर्फ गाठे. १८५६ मध्ये हातगाड्या ओढत निघालेल्या मार्टिनच्या मॉर्मन तांड्याला ते जवळच, डेव्हिल्स गेटपाशी गाठलंच.

कॅस्परमध्ये टाकी पूर्ण भरा, पाणी घ्या, नकाशा फोनवर उतरवून ठेवा. लँडरच्या वाटेवर सिग्नल जातो. संध्याकाळी हरणं आणि प्राँगहॉर्न रस्त्यावर येतात, तेव्हा अंधार पडायच्या आत मुक्काम गाठा. ट्रेलचे बरेच तुकडे खाजगी रँचमधून जातात. कुंपणाचं फाटक जसं सापडेल तसंच ठेवायचं, उघडं तर उघडं, बंद तर बंद.

शेवटचा टप्पा साउथ पास. सुमारे ७,४०० फुटांवरची ही खिंड इतकी रुंद आणि सौम्य आहे की आपण खंडाचा कणा ओलांडला हे अनेक प्रवाशांना कळलंच नाही. जवळच्या साउथ पास सिटीत एस्थर हॉबार्ट मॉरिस १८७० मध्ये न्यायाधीश झाली, वायोमिंगने बायकांना मताचा हक्क दिल्यानंतर काही महिन्यांतच. बायकांच्या हक्कांचा विषय निघालाच आहे तर, पंडिता रमाबाई १८८६ ते १८८८ अमेरिकेत होत्या. १८८९ च्या ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’मध्ये त्यांनी इथल्या बायकांच्या स्थितीचं कौतुक केलं आणि मूळ रहिवाशांच्या छळावर बोटही ठेवलं. एखाद्या आत्येला ते पुस्तक गाडीत वाचायला द्या.

परतताना रॉलिन्सहून इंटरस्टेट ८० ने लॅरमी शहर आणि तिथून डेन्व्हर. गाडी डेन्व्हरला सोडून विमानाने जायचं तर एकतर्फी भाड्याचा आकडा बुकिंगच्या वेळीच विचारा, तो कधी कधी गाडीच्या भाड्याइतका असतो. उरलेला अर्धा, आयडाहो आणि ओरेगॉनचा, पुढच्या वर्षासाठी ठेवा. बेकर सिटीजवळचं ट्रेलचं संग्रहालय, ओरेगॉन सिटी, आणि मग कॉर्व्हॅलिस, जिथल्या कृषी महाविद्यालयात वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे शिकले आणि पुढे गदर चळवळीत उतरले. त्या सहलीसाठी पोर्टलंडची तिकिटं जानेवारीतच काढा.