अकरावीच्या पोराला पेपर कशाला हवा?

निकालांच्या दिवसांत येणारे प्रश्न आता मला पाठ झालेत. नीटला मार्क कमी पडले, मायक्रोबायोलॉजी घेतली तर चालेल का? फिजिक्सची आवड आहे म्हणते, पण पुढे शिक्षिकाच ना? संशोधनात पैसा असतो का? गेल्या काही वर्षांत त्यात एका प्रश्नाची भर पडली आहे. "सर, याचा एक रिसर्च पेपर छापून आणायचाय. कुठे होईल?" 'हा' अकरावीत असतो. वडील बोलत असतात, आई वहीत लिहून घेत असते आणि ज्याच्या नावावर पेपर छापायचा तो मान खाली घालून मोबाइल बघत असतो.

आधी याचाच निकाल लावू. 'रिसर्च प्रोफाइल' नावाचं पॅकेज सध्या जोरात खपतंय. परदेशी विद्यापीठात प्रवेश हवा तर मुलाच्या नावावर शोधनिबंध हवाच, असं पालकांच्या गळी उतरवलं गेलं आहे. विषय पॅकेज विकणारेच सुचवतात, मेंटॉर तेच नेमतात, मजकूरही बराचसा तेच लिहितात आणि पैसे भरले की काहीही छापणाऱ्या एखाद्या नियतकालिकात तो लावून देतात. विषय मात्र कायम भारदस्त: कर्करोगाचं निदान आणि कृत्रिम बुद्धिमत्ता, क्वांटम फिजिक्स, लोकशाही आणि नैतिकता. ज्याने सूक्ष्मदर्शकाखाली कांद्याची साल धड पाहिलेली नाही, तो बायोप्सीवर आठ पानं लिहून मोकळा होतो.

पालकहो, हे पैसे देऊ नका. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२च्या नियमावलीत प्रबंध सादर करण्याआधी शोधनिबंध छापलाच पाहिजे, ही पीएचडीची अट काढून टाकली. काही विद्यापीठं आपापल्या पातळीवर ती ठेवतात, तो भाग वेगळा. पण जे पीएचडीवाल्यालाही देशभर सक्तीचं नाही, ते तुमच्या सतरा वर्षांच्या पोराला कशाला हवंय? पैसे जातात ते जातातच, शिवाय संशोधनातला पहिलाच धडा तो उलटा शिकतो: उत्तर आधी ठरवायचं आणि नाव विकत घ्यायचं. मुलाला खरोखर गोडी असेल तर मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राकडून घेतल्या जाणाऱ्या ऑलिम्पियाडच्या जुन्या प्रश्नपत्रिका त्याच्यासमोर ठेवा. दोन तास तो एका प्रश्नाशी झटत बसला आणि उत्तर आलं नाही तरी उठला नाही, तर माझ्याकडे या.

संशोधन म्हणजे काय हे सांगताना मी नोबेलवाल्यांची यादी काढत नाही, बार्शीचं उदाहरण देतो. उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात १९९९ मध्ये गर्भाशयमुखाच्या कर्करोगावर एक मोठी चाचणी सुरू झाली. बार्शीचं नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय, मुंबईचं टाटा मेमोरियल आणि फ्रान्समधल्या ल्यों शहरातली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी मिळून ती केली. गावांचे ५२ समूह, ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजारांहून अधिक बायका. एका गटात एचपीव्ही या विषाणूची तपासणी, दुसऱ्यात पॅप स्मिअर, तिसऱ्यात सौम्य अॅसेटिक आम्ल लावून नुसत्या डोळ्यांनी पाहणी. चौथ्या गटात तपासणी नाही, फक्त नेहमीची आरोग्यसेवा. निष्कर्ष २००९ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये आले. एचपीव्ही तपासणीच्या गटात या कर्करोगाने ३४ मृत्यू झाले, जवळपास तेवढ्याच मोठ्या चौथ्या गटात ६४. तपासणी प्रत्येकीची एकदाच झाली होती.

यात कोणाकोणाचं काम होतं ते बघा. हा कर्करोग विषाणूमुळे होतो हे हाराल्ड त्सुर हाउसेन यांनी दाखवलं आणि त्यांना २००८चं नोबेल मिळालं; तो झाला सूक्ष्मजीवशास्त्राचा भाग. ज्यांचा आजार पुढे गेलेला असतो त्यांना किरणोपचार लागतात, तिथे भौतिकशास्त्र येतं. ३४ आणि ६४ यांतला फरक योगायोगाचा नाही हे सांगायला संख्याशास्त्रज्ञ लागतो. दारोदार जाऊन बायकांना, आणि त्यांच्याआधी सासवांना, तयार करणाऱ्या आरोग्य कार्यकर्त्या लागतात. आणि मग राहतो चौथा गट. त्या बायकांना तपासणी का दिली नाही? यावर पुढे बरीच वर्षं वाद झाला. एक बाजू म्हणते, तेव्हा तिथे कोणाचीच नियमित तपासणी होत नव्हती, तुलनेशिवाय काही सिद्ध झालं नसतं आणि सिद्ध झाल्याशिवाय सरकारने खर्च केला नसता. दुसरी म्हणते, तपासणीने जीव वाचतात हे श्रीमंत देशांना आधीच माहीत होतं. गरीब बाईची 'नेहमीची सेवा' म्हणजे काहीच नाही, हे कोणी ठरवलं? मला दुसरी बाजू जास्त पटते. पण ती पटवून द्यायला डॉक्टरकी पुरत नाही. राज्य कोणाचं काय देणं लागतं, संमती कशाला म्हणायचं, याचा कोणीतरी आयुष्यभर अभ्यास केलेला असावा लागतो.

म्हणून 'फिजिक्स घेऊ की मायक्रो की राज्यशास्त्र' असं कोणी विचारलं की मी विचारतो, प्रश्न कोणता आहे तुझा? पालकांना हे विषय रेल्वेच्या आरक्षण खिडक्यांसारखे वाटतात, जिथली रांग छोटी तिथे उभं राहायचं. मायक्रोबायोलॉजीची तर खिडकीच करून टाकली आहे. २०२४ मध्ये २३ लाखांहून जास्त मुलं नीटला बसली, एमबीबीएसच्या जागा देशभरात लाखभराच्या आसपास. उरलेल्यांपैकी कित्येक जण रडत मायक्रोला येतात. विषय वाईट नाही. पुण्यात राष्ट्रीय विषाणू संस्था आहे, आघारकर संशोधन संस्था आहे, परळला हाफकिन आहे. पण तीन वर्षं मनात एमबीबीएस धरून ज्याने प्लेटा ओतल्या, त्याला एमएस्सीनंतर औषध कंपनीच्या क्यूसीतली, म्हणजे गुणवत्ता तपासणीतली, नोकरीही शिक्षाच वाटते. रिपीट करायचं तर एकदा करा. तिसऱ्यांदा करायला लावणाऱ्या आई-वडिलांना मी सरळ सांगतो, ही परीक्षा आता मुलगी देत नाहीये, तुम्ही देताय.

नेहमीचे रस्ते थोडक्यात. मूलभूत विज्ञान बारावीनंतर लगेच हवं असेल तर आयसरची अॅप्टिट्यूड टेस्ट. भुवनेश्वरचं नायसर आणि मुंबई विद्यापीठाच्या आवारातलं सीईबीएस यांच्यासाठी नेस्ट. जमलं नाही तर चांगल्या कॉलेजात बीएस्सी, मग एमएस्सीच्या प्रवेशासाठी जॅम. त्यानंतर नेट आणि जेआरएफ ही फेलोशिप: जानेवारी २०२३पासून महिना ३७ हजार, वरच्या टप्प्यावर ४२ हजार, घरभाडं वेगळं. वेळेवर येतातच असं नाही. पीएचडीला पाच-सहा वर्षं धरा. ही सगळी माहिती संस्थांच्या पत्रकांत असते, तेवढ्यासाठी माझी फी भरू नका.

ज्याबद्दल मला कोणीच विचारत नाही ते आता सांगतो. वैद्यकीय भौतिकशास्त्र, म्हणजे मेडिकल फिजिक्स. किरणोपचार विभागात ऑन्कोलॉजिस्ट सांगतो की गाठीला इतका डोस हवा. तो डोस गाठीलाच बसावा, शेजारच्या मूत्राशयाला आणि गुदाशयाला कमीत कमी पोचावा, यासाठीचं गणित मेडिकल फिजिसिस्ट मांडतो. यंत्रातून खरोखर तेवढंच येतंय का हेही तोच मोजतो. त्याच्याशिवाय आणि किरण सुरक्षा अधिकाऱ्याशिवाय अणुऊर्जा नियामक मंडळ असा विभाग चालवू देत नाही. वाट अशी: बीएस्सी, एमएस्सी फिजिक्स, मग भाभा अणुसंशोधन केंद्राची एक वर्षाची रेडिऑलॉजिकल फिजिक्सची पदविका, किंवा काही विद्यापीठांतला मेडिकल फिजिक्सचा अभ्यासक्रम, आणि त्यानंतर सुसज्ज किरणोपचार विभागात वर्षभराची इंटर्नशिप. इथे संशोधनही भरपूर आहे. भाभाट्रॉन हे कोबाल्टचं स्वदेशी उपचारयंत्र भाभा केंद्रातच घडलं. टाटा मेमोरियलच्या खारघर केंद्रात आता प्रोटॉनने उपचार होतात. 'फिजिक्स करून शिक्षकच ना?' म्हणणाऱ्या वडिलांनी खारघरला एक फेरी मारून यावं. (शिक्षक होण्यात त्यांना नेमकं काय कमी वाटतं, हेही एकदा निवांत विचारायचं आहे.)

कला शाखेच्या मुलांना वाटेल, आमचं काय? बार्शीचा चौथा गट तुमचा आहे. औषध चाचण्यांच्या २०१९च्या नियमांनुसार प्रत्येक नैतिकता समितीत डॉक्टरांबरोबर एक कायदेतज्ज्ञ, एक सामान्य नागरिक आणि समाजशास्त्र किंवा तत्त्वज्ञानासारख्या क्षेत्रातली एक व्यक्ती असावी लागते. ती खुर्ची बरेचदा कोणीतरी सही करण्यापुरती भरतं. तत्त्वज्ञान किंवा राज्यशास्त्रात जेआरएफ मिळाली तर रक्कम विज्ञानाएवढीच असते, हे सांगितलं की पालक दोनदा विचारून खात्री करतात. नोकऱ्या मात्र कमी आहेत. प्राध्यापक भरती वर्षानुवर्षं अडकते आणि सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर, उमेदीची वर्षं जातात. घरची परिस्थिती तंग असेल तर सोबत कायद्याची पदवी घ्या, निदान संख्याशास्त्र तरी शिका.

आणि मुलींच्या आई-वडिलांना एक. "पीएचडी होईपर्यंत तिचं लग्नाचं वय निघून जाईल" हे वाक्य तिच्यासमोर बोलू नका. माझ्यासमोरही नको. मुलाच्या वेळी हा हिशेब मांडलेला मी अजून ऐकलेला नाही.

प्रवेशाआधी प्रयोगशाळा बघायला जाल, तेव्हा संचालकांबरोबर फोटो काढण्यात वेळ घालवू नका. पालकांनी कॅन्टीनमध्ये बसावं आणि मुलाला तिथल्या चौथ्या-पाचव्या वर्षाच्या पीएचडीवाल्याशी एकटं बोलू द्यावं. फेलोशिप किती महिने थकते, या गाइडकडची मुलं किती वर्षांत सुटतात, सुटलेली सध्या कुठे आहेत, एवढं विचारायचं. उत्तर देण्याआधी तो दार लोटून घ्यायला लागला, तर दुसरी प्रयोगशाळा बघा.